लहान मुलांच्या पाच-पाचच्या फुटबॉलला रेफ्रीनं शिट्टी कधी वाजवायची?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. सांगलीत तुमच्या मुलाच्या शाळेनं उन्हाळी शिबिराच्या शेवटी पहिली ते चौथीच्या मुलांचे पाच-पाचचे सामने ठेवलेत. तुम्ही कॉलेजात फुटबॉल खेळलेले, म्हणून शिट्टी तुमच्या गळ्यात पडली. मोठ्यांचे नियम या पोरांना किती लावायचे, ऑफसाइड (बचाव करणाऱ्यांच्याही पुढं, समोरच्या गोलपाशी थांबून पास घेणं) द्यायचा का, हाताला बॉल लागला तर काय करायचं आणि कडेचे पालक ओरडायला लागले तर काय, हे तुम्हाला कळेना झालंय.

मी सांगली-मिरजेत गेली १८ वर्षं शाळकरी मुलांचे सामने खेळवतोय, मोठ्यांच्या स्पर्धांतही शिट्टी घेऊन धावलोय. शिव्या मोठ्यांच्या सामन्यात जास्त पडतात, पण अवघड लहानांचाच सामना. मोठ्यांना नियम पाठ असतात. ते मोडून वर साळसूद चेहऱ्यानं तुमच्याकडं बघतात. दुसरीतल्या पोराला नियमही माहीत नसतो आणि आपला पाय नेमका कुठं पडणार हेही माहीत नसतं. म्हणून या वयात चूक कुणाची हे शोधायला मी जातच नाही. बॉल आता कुणी मारायचा आणि कुठून मारायचा एवढंच ठरवायचं, तेही झटक्यात.

आधी मैदान बघा, कारण निम्मे फाउल मैदानामुळं होतात. मोठ्या मैदानावर पाच-पाच पोरं सोडली तर दहा मिनिटांत सगळी धापा टाकत बसतात, फार लहान केलं तर पायात पाय. पहिली-दुसरीला साधारण ३० बाय २० मीटर, तिसरी-चौथीला ३५ बाय २५ पुरे. आपल्याकडं शाळेत फुटबॉलचं मैदान नसलं तरी खो-खोचं बहुतेक असतंच. ते २७ बाय १६ मीटरचं, म्हणजे पहिलीच्या चार-चारच्या सामन्याला आयतंच. फक्त दोन्ही टोकांचे खांब उपटून काढता येत असतील तरच तिथं खेळवा. खांबाला गादी गुंडाळून ‘चालतंय की’ म्हणणारा कुणीतरी भेटेलच, त्याचं ऐकू नका. रेषा मारायला फक्की, म्हणजे खडूची पांढरी पूड, घ्या. चुना आणून ठेवणारे शिपाईमामा प्रत्येक शाळेत एक तरी असतात. तो चुना डोळ्यात गेला की डोळा भाजतो, आणि ही पोरं पडतात ती थेट तोंडावर.

गोलपोस्टच्या बाबतीत मी कुणाचंच ऐकत नाही, मुख्याध्यापकांचंही नाही. लोखंडी पाइपचा उचलून ठेवायचा गोल जमिनीला पक्का केलेला नसेल तर सामना होणार नाही. फुटबॉलच्या नियमातच लिहिलंय की गोल जमिनीला घट्ट बसवलेला असला पाहिजे. वरच्या आडव्या पाइपला पोरगं लोंबकळलं की सगळा सांगाडा पुढं कलंडतो, आणि पोरं लोंबकळतातच, त्यांना पाइप दिसला की राहवत नाही. मागच्या पाइपवर दोन्ही बाजूंना वाळूची पोती टाका, खुंट्या मारा, आणि तुम्ही स्वतः पुढून ओढून बघा. एवढी सोय नसेल तर सरळ दोन प्लॅस्टिकचे कोन ठेवा. मग ‘बॉल वरनं गेला का आतनं’ हा वाद तेवढा उरतो. त्यावर माझा नियम असा की गोलकीपरच्या डोक्यावरनं गेलेला बॉल गोल नाही.

बॉल तिसरीपर्यंत तीन नंबरचा, चौथीला चार नंबर चालतो. शाळेच्या कपाटात मात्र पाच नंबरचाच असतो, त्याचा घेर ६८ ते ७० सेंटिमीटर. तीन नंबरचा साधारण ६० भरतो. पाच नंबरच्या बॉलला लाथ मारून सहा वर्षांचं पोर स्वतःच मागं पडतं, हे मी कितीतरी वेळा बघितलंय. क्रीडासाहित्याच्या दुकानातून दोन लहान बॉल मागवून घ्या, एवढं शाळा करेल.

पायात काय घालायचं? बूट सगळ्यांना किंवा कुणालाच नको. अर्धी अनवाणी आणि अर्धी स्टडच्या बुटात असा सामना मी सुरूच करत नाही, मग कोच कितीही तोंड वाकडं करोत. शिनगार्ड, म्हणजे नडगीवरची ढाल, नियमानं लागतातच. आपल्याकडं दहातल्या चौघांकडं असतात. उरलेल्यांना मी जुन्या वहीचा जाड पुठ्ठा सॉक्समध्ये घालायला सांगतो. त्याला शिनगार्ड म्हणता यायचं नाही, पण नडगीवर बसणारी लाथ थोडी तरी मरते.

दागिन्यांवरनं मात्र तुमचं पालकांशी पहिलं भांडण होणार, हे धरूनच चाला. नियम साफ आहे: दागिना चालत नाही, आणि वर चिकटपट्टी लावून झाकलेलाही चालत नाही. आता आपल्याकडं पोराच्या पायात काळा दोरा, कमरेला करगोटा, हातात कडं, कानात बाळी, गळ्यात ताईत. साध्या काळ्या दोऱ्याला मी कधी हात लावला नाही, लावणारही नाही. पण धातूचं सगळं उतरवायचं. एकदा एक आई म्हणाली, “सर, ते काढायचं न्हाय, देवाचं हाय.” मी म्हटलं, “ताई, सामना होईपर्यंत तुमच्याच मुठीत धरा की. देव तुमच्याजवळ राहू दे, पोराला मी बघतो.” तिनं ते काढलं. ज्यांचे पालक मैदानावर नसतात त्यांच्यासाठी मी एक कंपासपेटी ठेवतो. कागदाच्या चिटोऱ्यावर नाव लिहून एकेकाचं त्यात ठेवायचं. नुकतेच कान टोचलेत आणि बाळी निघतच नाही, अशी एखादी मुलगी असतेच. तिला मी खेळवत नाही. फार वाईट वाटतं, पण बॉल कानावर बसला की पाळी फाटते. म्हणून आदल्या दिवशीच शाळेच्या ग्रुपवर निरोप टाकून ठेवा.

आता नियम. तुम्ही नियम बदललेत म्हणून कुणी तावातावानं अंगावर आलं तर त्याला सांगा, फुटबॉलचे १७ नियम आयफॅब नावाची संस्था ठरवते आणि लहान मुलांसाठी मैदान, बॉल, गोल, वेळ आणि खेळाडूंची अदलाबदल यांत फेरफार करायची मोकळीक तिनंच ठेवलीय. जगभर या वयाला कमी खेळाडूंचेच सामने खेळवतात. आपल्या फुटबॉल महासंघानं २०१८ मध्ये लहान मुलांसाठी गोल्डन बेबी लीग सुरू केल्या, त्यांतही तसंच असतं.

ऑफसाइड नाही. पाच-पाचमध्ये त्याची गरजच नाही, कारण सगळी पोरं गुळाच्या ढेपेला मुंगळे लागावेत तशी बॉलभोवतीच असतात. त्यातलं एखादं हुशार मात्र समोरच्या गोलपाशी जाऊन उभं राहतं. पालक ओरडतात, “रेफ्री, ऑफसाइड!” शिट्टी वाजवू नका. बॉल बाहेर गेला की त्याच्याजवळ जाऊन म्हणायचं, “इथं एकटाच उभा राहून कंटाळशील लगा, जा बॉलकडं.” जातो. बहुतेकांना तिथं प्रशिक्षकानंच उभं केलेलं असतं, मग ते त्यांच्याशी मध्यंतरात बोला.

हेडिंग या वयात नकोच. अमेरिकेत २०१५ च्या अखेरीला १० वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी त्यावर बंदी जाहीर झाली, इंग्लंडमध्येही ते लहान वयोगटांतून टप्प्याटप्प्यानं काढलं जातंय. मुद्दाम डोकं लावलं तर बॉल समोरच्यांना द्या, बॉल चुकून डोक्याला लागला तर खेळ चालू.

हँडबॉलबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण तिथं मी स्वतः चुकलोय. विश्रामबागच्या बाजूला एका मैदानावर तिसरीच्या मुलींचा सामना होता. मी नवीनच होतो, नियमांचं पुस्तक खिशात. एका मुलीच्या तोंडावर जवळून बॉल आला, तिनं दोन्ही पंजे चेहऱ्यासमोर धरले, बॉल पंज्यांवर आपटला. हात खांद्याच्या वर, गोलच्या अगदी समोर. मी पेनल्टी दिली. पुस्तकाप्रमाणं माझं बरोबर होतं आणि समोरच्यांनी गोल केला. तिच्या संघातली एक मोठी मुलगी तिला म्हणाली, “हात मागं ठेव ना!” पाच-सात मिनिटांनी परत तसाच बॉल आला. या वेळी तिनं दोन्ही हात पाठीमागं नेले, एका हातानं दुसरं मनगट घट्ट धरलं आणि डोळे मिटले. बॉल नाकावर बसला. भळाभळा रक्त आलं. मी धावत गेलो तेव्हा ती रडत होती, पण हात अजून मागंच होते.

तेव्हापासून माझा नियम असा आहे. तोंड, छाती किंवा पोट वाचवायला हात आला तर खेळ चालू, आणि मी मोठ्यानं “बरोबर केलंस, खेळा!” असं म्हणतोसुद्धा, सगळ्यांना ऐकू जाईल असं. पालकांना ते पटत नाही. न पटू दे.

हाताचा दुसरा प्रकार आपल्या खास मातीतला आहे. क्रिकेट खेळून आलेलं पोरगं उंच बॉल बघतं आणि दोन्ही हातांनी कॅच घेतं, वर आनंदानं उड्याही मारतं. त्याला काय शिक्षा करणार? हसायचं, “झकास कॅच, पण इथं पायानं” म्हणायचं आणि बॉल समोरच्यांना द्यायचा. कबड्डी खेळणारी पोरं याहून भारी. बॉल घेऊन कुणी पळालं की ती मागनं कंबर पकडतात, दोघं मिळून साखळी करतात. तालमीत जाणाऱ्या एका पठ्ठ्यानं तर माझ्यादेखत समोरच्याचा पट काढला होता. अशा वेळी शिट्टी लगेच आणि मोठी वाजवा. पकडणं, ढकलणं, घसरत येऊन पायात घुसणं, या तीन गोष्टींना मी एकदाही सोडत नाही, चुकून झालं असलं तरी. घसरणं तर मी या वयात पूर्णच बंद ठेवतो. आपली काळी माती एप्रिल-मेमध्ये भेगाळून विटेसारखी कडक होते, गुडघे सोलून निघतात.

पेनल्टी तिसरीच्या खाली नाही; गोलजवळ फाउल झाला तर पाच पावलं मागं येऊन फ्री किक. थ्रो-इन, म्हणजे कडेच्या रेषेबाहेर गेलेला बॉल हातानं आत टाकणं? लहानग्यांना बॉल पायानंच आत घेऊ द्या. दोन्ही पाय जमिनीवर, दोन्ही हात, बॉल डोक्यामागून, एवढं सगळं सहाव्या वर्षी एका वेळी जमत नाही. चौथीला थ्रो-इन द्या, चुकला तर सांगून परत टाकायला लावा, दुसऱ्यांदा चुकला तरी खेळ चालू ठेवा. गोलकीपरला स्वतःच्या खेळाडूनं पायानं दिलेला बॉल हातात घेता येत नाही हा नियम १९९२ सालचा. तो आणि गोलकीपरनं हातातला बॉल आठ सेकंदांत सोडायचा हा २०२५ पासून आलेला नियम, दोन्ही या वयात विसरा. आठ सेकंदांत त्या पोराला बॉल कुठं टाकायचा ते सुचतसुद्धा नाही.

एक नियम मात्र मोठ्यांत नसलेला, जरूर लावा. गोलकिक (गोलरेषेबाहेर गेलेला बॉल गोलजवळून परत मारणं) असेल किंवा गोलकीपरनं बॉल पकडला असेल, तर समोरच्या संघानं मधल्या रेषेच्या मागं जायचं. हे केलं नाही तर काय होतं ते सांगतो. गोलकीपर बॉल ढकलतो, तो दोन मीटर जातो, समोरचे पाचही तिथंच उभे, लगेच गोल. परत गोल, परत गोल. पंधरा मिनिटांत ८-० होतं आणि गोलकीपर ग्लोव्हज काढून फेकतो. मधल्या रेषेचा नियम लावला की त्याला बॉल शेजारच्याला द्यायला जागा मिळते. इंग्लंडमध्ये या वयाला गोलकिकला असंच खेळवतात.

तरी अंतर वाढलंच तर चार गोलांनी मागं पडलेल्या संघाला एक जादा खेळाडू घेऊ द्या, अंतर कमी झालं की तो बाहेर. पोरं याला अजिबात हरकत घेत नाहीत, हरकत घेतात ते त्यांचे बाप.

पहिलीच्या मुलांना मध्यंतरानंतर बाजू बदलायला लावू नका. नियमाच्या हट्टापायी मी एकदा लावली होती, त्या अर्ध्या वेळात तीन स्वयंगोल झाले आणि तिन्ही मारणाऱ्यांनी हात वर करून मैदानाला फेरी मारली.

शिट्टी कमी वाजवा, तोंड जास्त चालवा. गोल, पकडापकडी, दुखापत, खेळाची सुरुवात आणि शेवट, एवढ्याला शिट्टी पुरे. एरवी “खेळा, खेळा”, “निळ्यांचा बॉल”, “दोघंही छान, उठा”. कुणाचा बॉल हे संघाच्या नावानं सांगू नका, बिबच्या (कपड्यांवरनं घालायच्या रंगीत बंडीच्या) रंगानं सांगा आणि हात त्या दिशेला करा. संघाचं नाव निम्म्यांना माहीतच नसतं. मी तर सामन्याआधी सगळ्यांना गोल बसवून शिट्टी एकदा वाजवून दाखवतो आणि विचारतो, “ही ऐकली की काय करायचं?” “थांबायचं!” मग दोनदा खोटं खोटं पळवून थांबवतो. दोन मिनिटं जातात, पण नंतर सामनाभर वाचतात. कुणी आडदांडपणा करायला लागलं तर पिवळं कार्ड काढून दाखवण्याचा मोह आवरा. बिब काढून दोन मिनिटं माझ्या पाणी पिशवीजवळ बसवायचं, मग परत आत. बोलताना गुडघ्यावर बसा. सहा फुटी माणूस वरनं बोट दाखवून बोलला की पोराला शब्द ऐकू येत नाहीत, बोट तेवढं दिसतं.

रडणं तीन प्रकारचं असतं. गोल झाला म्हणून, आई दिसली म्हणून आणि खरंच लागलं म्हणून. पहिल्या दोन्हींना सामना थांबवायची गरज नसते. तिसऱ्याला लगेच थांबवा. डोक्याला मार बसला असेल आणि पोर गप्प झालं असेल किंवा भलतंच काहीतरी बोलत असेल, तर त्या दिवशी त्याला परत आत घ्यायचं नाही आणि डॉक्टरांना दाखवायचं, मग ते स्वतः ‘मी बरा आहे’ म्हणो नाहीतर वडील म्हणोत. बदली खेळाडू कितीही वेळा आत-बाहेर करू द्या, म्हणजे बाहेर बसवणं ही शिक्षा वाटत नाही.

आता पालक. २०१७ साली आपल्या देशात १७ वर्षांखालच्या मुलांचा वर्ल्डकप झाला, कोल्हापूरचा अनिकेत जाधव त्यात भारताकडून खेळला, आणि माझ्या बघण्यात तेव्हापासून इकडं फुटबॉलला पोरं घालणाऱ्यांची संख्या वाढली. त्यातले बरेच जण कोल्हापूरला शाहू स्टेडियमवर पेठांच्या, तालमींच्या संघांचे सामने बघायला जातात. तिथली ईर्ष्या बघण्यासारखी असते यात वादच नाही, पण ती घेऊन हे पालक दुसरीच्या सामन्याला येतात. “उडव! उडव! अरं उडव की!” चार पोरांना चार बाजूंनी चार आज्ञा. पोरगं बॉलवर पाय ठेवून बापाकडं बघत उभं राहतं, तेवढ्यात बॉल जातो.

उपाय साधे आहेत. पालक सगळे एकाच लांब बाजूला, रेषेपासून तीन मीटर मागं, मध्ये दोरी. दोन्ही कोच समोरच्या बाजूला. गोलमागं कुणीही नाही, मोबाइलवर शूटिंग करणारे काकासुद्धा नाहीत. पहिली-दुसरीच्या सामन्याआधी दोरीपाशी जाऊन मी एवढंच म्हणतो: “आज इथं ऑफसाइड नाही, पेनल्टी नाही, आणि माझ्या हातून चार-पाच चुका होणार आहेत. टाळ्या कुणालाही वाजवा. काय करायचं ते मात्र मुलांना सांगू नका.” ‘चुका होणार आहेत’ हे आधीच सांगितल्यावर ओरडणाऱ्याची निम्मी हवा जाते. तरीही कुणी सुरूच ठेवलं तर मी वाद घालत नाही, उत्तरही देत नाही. बॉल काखेत मारतो आणि मैदानाच्या मधोमध गप्प उभा राहतो. अर्ध्या मिनिटात एखादं पोरगं म्हणतंच, “पप्पा, गप बसा की!” यापेक्षा मोठं कार्ड अजून छापलेलं नाही.

दुसरं मैदान चालवायला माणूस कमी पडला तर आठवी-नववीतली मुलं घ्या, मुलीही घ्या. ती उत्तम रेफ्री होतात, कारण पोरं त्यांना ताई-दादा म्हणून ऐकतात. मात्र त्यांच्या मैदानाशेजारी एक मोठं माणूस दोरीपाशी उभं ठेवा. चौदा वर्षांच्या मुलीवर पन्नाशीचा गृहस्थ ओरडला, तर त्याला बाहेर घालवायचं काम तिच्यावर सोडायचं नाही.

वेळेचं बघा. एप्रिल-मेची सांगली, त्यामुळं सकाळी साडेसहाला पहिला सामना आणि नऊला सगळं बंद. आठ-आठ मिनिटांचे चार भाग करा, प्रत्येक भागानंतर पाणी. पाणी प्यायचं की नाही हे विचारू नका, पाजा. खेळाच्या नादात ‘नको’च म्हणतात. आणि संपतानाची शिट्टी जरा सांभाळून. वेळ संपलीय पण बॉल गोलकडं निघालाय, तर घड्याळाकडं बघू नका. तो आत जाऊ दे, बाहेर जाऊ दे, गोलकीपरनं धरू दे, मग वाजवा.

शेवटी ती कंपासपेटी. सामना संपल्यावर मुलं खाऊच्या रांगेकडं धावतात, पालक फोटोंकडं, आणि पेटी तुमच्या पिशवीत राहते. बक्षिसांच्या आधीच एकेकाचं नाव पुकारून रिकामी करा. माझ्या कपाटात तीन वर्षांपासून एक चांदीची बाळी पडून आहे. चिटोरा घामानं भिजून नाव पुसलं गेलं, त्यामुळं कुणाची ते अजून कळलेलं नाही. तुम्ही नावं शाईच्या पेननं लिहू नका, शिसपेन्सिलीनं लिहा.